जोड रेषांची आणि जोड तुळयांची



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा तर अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवावयाचा विषय. वसंतातल्या संध्याकाळी गावातील जाणत्या मंडळींपुढे तो कशाला आणावा? विषय दिसावयास खरोखरच लहान आहे. संगणकावर इमारतीचा आराखडा काढताना दोन तुळया एकमेकींना स्वच्छ कशा जोडाव्यात, एवढाच तो आहे. परंतु लातूरच्या श्रोत्यांपुढे तो मांडताना मला संकोच वाटत नाही. सांधा नसला म्हणजे काय होते हे ज्या जिल्ह्याने एका पहाटे पाहिले, त्या जिल्ह्याला ह्या विषयाचे महत्त्व निराळे पटवून द्यावे लागत नाही.

आरंभ ओळखीच्या जागेपासून करू. आपल्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. शहराच्या नकाशावर प्रत्येक रस्ता म्हणजे एक रेघ. सोळा रेघा एका बिंदूत मिळाल्या तरी कागदाची काही तक्रार नसते, कारण भूमितीतल्या रेघेला लांबी असते, रुंदी नसते. पण रस्त्याला रुंदी असते. सोळा रस्ते खरोखरीच एका बिंदूत आणून सोडले असते, तर तेथे एक बैलगाडीसुद्धा वळली नसती. म्हणून ज्यांनी ही पेठ आखली त्यांनी मध्ये भले मोठे वर्तुळ सोडले आणि रस्त्यांना त्याच्या कडेशी थांबविले. जेथे रस्ते मिळतात ती जागा कोणत्याही एका रस्त्याहून मोठी करावी लागली, आणि तिचा विचारही स्वतंत्रपणे करावा लागला.

आज मला जे सांगावयाचे आहे ते सारे ह्या एका दाखल्यात आहे. रेषा मिळतात त्या बिंदूत; तुळया मिळतात त्या जागेत. बिंदूला विचार लागत नाही, जागेला लागतो. पडद्यावर दोन रेषा भेटल्या म्हणजे तुळया जुळल्या, असे जो समजतो तो स्वतःला फसवतो, आणि ती फसगत ज्याच्या डोक्यावर छप्पर असते त्याला भोगावी लागते.

संगणक रेघ कशी ओळखतो

संगणकावर चित्र काढण्याची कल्पना आता साठ वर्षांहून जुनी झाली आहे. आयव्हन सदरलँड ह्या तरुण संशोधकाने १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत 'स्केचपॅड' नावाची प्रणाली आपल्या प्रबंधासाठी सिद्ध केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ ओढावी आणि यंत्राने ती लक्षात ठेवावी, हे तिचे नवल. पण त्याहून मोठे नवल निराळे होते. दोन रेघांचे टोक एकच आहे, असे त्या यंत्राला सांगता येत असे. तसे सांगितल्यावर तो बिंदू हलविला की त्याला जोडलेल्या साऱ्या रेघा बरोबर हलत. सदरलँडने ह्या रीतीने पुलाची कैची काढून दाखविली होती. म्हणजे आराखड्यातील जोडणीचा प्रश्न ह्या शास्त्राच्या पाळण्यातच जन्मला होता.

आजच्या प्रणाली पुष्कळ पुढे गेल्या आहेत. अभियंता पडद्यावर तुळईची मध्यरेषा ओढतो, तिला आकार व माप देतो, आणि यंत्र त्या रेघेभोवती लोखंडाची किंवा काँक्रीटची घन तुळई उभी करते. ती चहूबाजूंनी फिरवून पाहता येते, तिचे वजन कळते, तिच्यावर भार ठेवून ती किती वाकेल हेही काढता येते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यंत्राच्या पोटात तुळईची दोन रूपे नांदत असतात. एक हिशेबाचे रूप, ते म्हणजे नुसती रेघ व तिची दोन टोके. दुसरे दिसण्याचे रूप, ते म्हणजे जाडी-रुंदी असलेला घन. सांध्याच्या ठिकाणी ह्या दोन रूपांच्या गरजा अगदी उलट असतात. रेघेचे टोक दुसऱ्या रेघेपर्यंत तंतोतंत पोचले पाहिजे. घन तुळई मात्र दुसरीच्या अंगाशी थांबली पाहिजे. रेघ अलीकडे थांबली तर हिशेब चुकतो. घन पलीकडे गेला तर माप चुकते.

एक मिलिमीटरचे अंतर

पहिली चूक रेघेची. काढणाऱ्याचा हात किंचित आधी थांबला आणि तुळईची रेघ खांबाच्या रेघेपासून एक मिलिमीटर दूर राहिली असे समजा. डोळ्यांना हे दिसत नाही. यंत्राच्या दृष्टीने मात्र ही तुळई त्या खांबावर टेकलेलीच नाही. तिचे दुसरे टोक पक्के जखडलेले असेल, तर यंत्र तिला गॅलरीच्या छज्जाप्रमाणे एका बाजूने अधांतरी समजून मुकाट्याने हिशेब करील.

ह्याने किती फरक पडतो? दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईवर सारखा भार असला, तर तिला वाकविणारा सर्वांत मोठा जोर मध्यभागी असतो. तीच तुळई, तोच भार, पण एक टोक अधांतरी व दुसरे जखडलेले, असे झाले की तो जोर चौपट होतो आणि जखडलेल्या टोकाशी जातो. वाकणे तर साडेनऊ पटींहून जास्त वाढते. एक मिलिमीटरचा हा प्रताप! आकडे असे भलतेच आले तर अनुभवी अभियंता चमकतो व चूक शोधतो. पण शेकडो तुळयांच्या इमारतीत एखादीच अशी निसटली, तर ती शोधणे सोपे नसते.

ह्याच जातीची दुसरी चूक म्हणजे छेदणाऱ्या रेघांची. दोन तुळया एकमेकींना मध्यावर छेदून जाताना दिसतात, आणि पाहणारा म्हणतो, 'मिळाल्या.' पण हिशेबाच्या बहुतेक प्रणालींत, छेदाच्या जागी बिंदू निर्माण करून दोन्ही रेघा तेथे तोडल्याखेरीज त्या मिळत नाहीत. चौकात दोन रस्ते मिळतात आणि उड्डाणपुलापाशीही दोन रस्ते एकमेकांवरून जातात; नकाशावर दोन्ही सारखेच दिसतात, पण उड्डाणपुलावरून जाणाऱ्याला खालच्या रस्त्यावर उतरता येत नाही. भाराचेही तसेच आहे. वाट नसेल तर तो उतरणार कसा?

ह्यावर उपाय आहेत. जवळचे टोक आपोआप पकडण्याची सोय प्रत्येक प्रणालीत असते. ती चालू ठेवूनच रेघ ओढावी. इमारतीचे मध्यरेषांचे जाळे आधी आखून घ्यावे आणि प्रत्येक टोक जाळ्याच्या बिंदूवरच टाकावे. काही प्रणाली ठरावीक अंतरातील टोके स्वतःच एकत्र करतात. ते अंतर फार मोठे ठेवले तर जी टोके वेगळी असावयास हवीत तीही एक होतात. म्हणून त्या सोयीवर आंधळा विश्वास ठेवू नये. शेवटी, आराखड्यावर नुसता स्वतःच्या वजनाचा भार ठेवून तो कसा वाकतो हे पडद्यावर पाहावे. सुटलेली तुळई तेथे स्वतःच मान टाकून आपली ओळख देते.

कोण पुढे जाणार, कोण थांबणार

आता घनाकडे वळू. डाळमिलच्या शेडमध्ये एक माळा घालावयाचा आहे असे समजा. मुख्य तुळया ३०० मिलिमीटर उंचीच्या, आपल्या बाजारात मिळतात तशा 'आय' आकाराच्या. त्यांच्यामध्ये बसावयाच्या पोटतुळया २०० मिलिमीटर उंचीच्या. दोन मुख्य तुळयांच्या मध्यरेषांत अंतर ४ मीटर. संगणकावर पोटतुळईची रेघ मध्यापासून मध्यापर्यंत ओढली, म्हणजे ती ४००० मिलिमीटरची झाली. तेवढीच लांबी यादीत छापली गेली, यादी कारखान्यात गेली, आणि तेथे ४००० मिलिमीटरचा तुकडा कापून आला. तो बसेल काय?

बसणार नाही. मुख्य तुळईच्या मधल्या उभ्या पत्र्याची जाडी साधारण साडेसात मिलिमीटर. पोटतुळई त्या पत्र्याच्या आरपार जाऊ शकत नाही. तिने त्याच्या अंगाशी थांबावयाचे. शिवाय उभारणीच्या वेळी ती तिरपी करून आत घालता यावी म्हणून प्रत्येक टोकाला सुमारे १० मिलिमीटर मोकळीक ठेवावी लागते. हिशेब केला तर तिची खरी लांबी ३९७२ मिलिमीटरच्या आसपास येते. त्यातही दोन्ही तुळयांच्या वरच्या कडा एका पातळीत हव्या असतील, तर मुख्य तुळईची वरची आडवी पट्टी वाटेत येते. ती मध्यापासून दोन्हीकडे सत्तर-सत्तर मिलिमीटर पसरलेली असते. म्हणून पोटतुळईच्या टोकाशी वरच्या बाजूने तेवढ्या बेताची खाच घ्यावी लागते. खाचेचा आतला कोपरा गोल ठेवावा. तो अणकुचीदार ठेवला तर पुढे भेग तेथूनच सुरू होते. मग मुख्य तुळईच्या उभ्या पत्र्याला अँगलचे तुकडे लावून २० मिलिमीटरच्या बोल्टांनी दोघींना जखडावयाचे. बोल्टासाठी भोक २२ मिलिमीटरचे ठेवतात, कारण अगदी नेमके भोक प्रत्यक्ष उभारणीत कधीच समोरासमोर येत नाही.

पाहा, एका साध्या सांध्यात किती गोष्टी आल्या! ह्यातली एकही गोष्ट रेघेत नव्हती. ती आराखड्यात आणली नाही, तर ती शेडवर आणावी लागते. तेथे शिडीवर उभा असलेला मिस्त्री हातातल्या गॅस कटरने अंदाजाने तुळई कापतो, वेडीवाकडी खाच पाडतो, भोक जुळत नाही म्हणून ते जाळून मोठे करतो. आपण त्याला दोष देतो. वस्तुतः जो निर्णय टेबलाशी बसून घ्यावयाचा होता, तो त्या बिचाऱ्यावर दहा फूट उंचीवर ढकलला गेलेला असतो.

आराखड्यात हे काम स्वच्छ व्हावे म्हणून एक सोपा नियम आहे. प्रत्येक सांध्यात मान कोणाचा हे आधी ठरवावे. खांब अखंड जातो, मुख्य तुळई खांबाच्या अंगाशी थांबते, पोटतुळई मुख्य तुळईच्या अंगाशी थांबते. हा क्रम एकदा ठरविला की छाटणी त्याच क्रमाने करावी. तीन तुळया एका कोपऱ्यात आल्या आणि क्रम न ठरविता त्यांना परस्परांनी छाटू दिले, तर कधी दोघी एकाच जागी घुसलेल्या राहतात आणि कधी तिघींमध्ये भोकच उरते. घुसलेल्या राहिल्या तर लोखंडाचे वजन दुहेरी मोजले जाते, आणि मालकाला अस्तित्वात नसलेल्या लोखंडाचा अंदाज मिळतो. दुसरे असे की, घन हाताने खरडून छाटू नये. 'ह्या तुळईचे टोक त्या तुळईच्या अंगापाशी थांबते' असा संबंध यंत्राला सांगावा. पुढे माप बदलले तर छाटणीही आपोआप बदलते.

कोपऱ्यासाठी यंत्र आणखी एक मोहक सोय पुढे करते. चित्राच्या चौकटीला सुतार जसा ४५ अंशांचा तिरपा छेद देतो, तसा छेद दोन्ही तुळयांना देऊन ते कोपरा जुळवून दाखविते. दिसावयास फार देखणे! पण चित्राच्या चौकटीवर भार नसतो. लोखंडी तुळईला असा छेद दिला, तर सारा भार त्या तिरप्या रेघेवरील वेल्डिंगवर येतो, आणि तेथे ते सबंध खोलीचे व निर्दोष हवे. ज्या कारागिराकडून ते करून घ्यावयाचे आहे त्याला ते साधेल काय, हे पडदा आपल्याला सांगत नाही.

बिजागरी की मूठ

आणखी एक प्रश्न उरतो आणि तो सर्वांत खोल आहे. सांधा वळू देणारा आहे की वळू न देणारा? दाराची बिजागरी दाराचे वजन पेलते, पण दाराला फिरू देते. कुदळीच्या दांड्यावर घट्ट बसलेली मूठ वजनही पेलते आणि फिरूही देत नाही. तुळयांचे सांधेही ह्या दोन जातींचे असतात. मघाचा अँगलचा सांधा बिजागरीच्या जातीचा. हिशेबाच्या प्रणालीत दोन रेघांची टोके जोडली की बहुधा यंत्र आपणहून ती मुठीसारखी घट्ट समजते. तसे समजल्याने तुळईच्या मध्यावरचा जोर कमी येतो, कारण टोके त्याचा वाटा उचलतात. दोन्ही टोके पूर्ण जखडलेल्या तुळईत मध्यावर जेवढा जोर येतो, त्याच्या तिप्पट जोर टोके फिरू दिल्यास येतो. म्हणजे आराखड्यात मूठ आणि शेडवर बिजागरी असा प्रकार झाला, तर मध्यभाग तिप्पट ओझ्याला सामोरा जातो. पडद्यावर दोन्ही सांधे एकसारखेच दिसतात!

सांध्यातील लहानशा बदलाने काय घडते, ह्याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील आहे. तेथे हयात रीजन्सी हॉटेलच्या दिवाणखान्यात दोन अधांतरी पूल एकाखाली एक टांगले होते. मूळ कल्पना अशी की, छतापासून निघालेली एकच लांब सळई वरच्या पुलाच्या तुळईतून आरपार खालच्या पुलापर्यंत जावी. उभारणीच्या सोयीसाठी तिचे दोन तुकडे झाले. एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलाच्या तुळईपासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर फरक बोटभराचा. पण एकाच दोराला दोघे स्वतंत्रपणे लोंबकळणे वेगळे, आणि दुसऱ्याने पहिल्याचे पाय धरून लोंबकळणे वेगळे. पहिल्याच्या हातावर आता दोघांचे वजन येते. वरच्या पुलाच्या तुळईखालील नटावर तसेच दुप्पट वजन आले. मूळचा सांधाही नियमाप्रमाणे पुरेसा नव्हता; त्यात हा बदल हिशेब न करता मंजूर झाला. १७ जुलै १९८१ रोजी संध्याकाळी, दिवाणखाना माणसांनी भरलेला असताना, नट तुळईतून ओढला जाऊन निसटला, दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसे मृत्यू पावली. तुळया मोडल्या नव्हत्या, सळया तुटल्या नव्हत्या. सांधा सुटला होता.

माळवदाची गोष्ट

आता परदेशातून आपल्या घरी येऊ. ३० सप्टेंबर १९९३. गणपतींचे विसर्जन करून गावे झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना औसा तालुक्यातील किल्लारी आणि शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद व आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर, ह्या पट्ट्यातील जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या सुमाराची. जगात ह्याहून मोठे भूकंप दरवर्षी होतात. तरी येथे आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. का गेली, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारला आहे.

येथील घर कशाचे होते? भिंत काळ्या दगडाची. हा दगड भाराने चिरडत नाही इतका बळकट. खांब आणि तुळवट लाकडाचे, आणि संपन्न घरांत तर सागवानाचे. म्हणजे सामान कच्चे नव्हते. पण दगड मातीत रचलेले. भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन पदर, मध्ये भर. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड बहुधा नाही. एका भिंतीचा दुसरीशी कोपऱ्यात पक्का बांध नाही. भिंतीचा छपराशी बांध नाही. आणि वर माळवद. तुळवटावर कड्या, कड्यांवर किलचन किंवा फळ्या, त्यांवर फूट-दीड फूट, कोठे त्याहूनही जाड मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारी ही माती. पण दीड फूट थर धरला तर दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर सहा-सात टन ओझे. भूकंपाचा आडवा धक्का वजनाच्या प्रमाणात बसतो. जितके ओझे वर, तितका हिसका मोठा.

धक्का बसला तेव्हा भिंतीचे पदर एकमेकांपासून सुटले, कोपरे उलगडले, दगड आत-बाहेर ढासळले. भूकंपानंतर पाहणी करणाऱ्यांना काही घरांत एक विलक्षण दृश्य दिसले. चारी भिंती जमीनदोस्त झालेल्या, आणि मध्ये लाकडी खांब-तुळवटांची चौकट माळवदासह उभी! ते सुतारांच्या हातचे सांधे होते. खांबाच्या माथ्यावर कुसू काढलेला, तो तुळवटाच्या भोकात बसविलेला. जेथे तो घट्ट राहिला आणि चौकट पुरेशी ताठ होती, तेथे छप्पर डोक्यावर आले नाही. जेथे चौकट तिरपी होऊन कलंडली, तेथे आले.

ह्या कुसवाच्या सांध्याचे गुणदोष समजून घेण्यास घरातील बाज पुरेशी आहे. नवी बाज ताठ उभी असते. कुसू सैल झाले की तीच बाज बसताच डाव्या-उजव्या अंगाला झुलते. चौकोनाचा हा स्वभावच आहे. सांधे फिरू लागले की चौकोन कलतो. त्रिकोण मात्र कलत नाही. म्हणून भूकंपानंतर जुन्या घरांच्या मजबुतीकरणासाठी ज्या सूचना निघाल्या, त्यांत खांब आणि तुळवट यांच्यामध्ये तिरपे टेके बसवावेत, भिंतीत आरपार बांध घालावेत आणि भिंतींना सभोवार पट्टा बांधावा, ह्यांवर भर होता. ह्या तिन्ही सूचना सांध्याच्याच आहेत, हे आपल्या ध्यानात आले असेलच. बावन्न गावे नव्या जागी वसली. १९९३ साली प्रचलित असलेल्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. २००२ साली मानक सुधारले, तेव्हा ते पहिले क्षेत्रच काढून टाकण्यात आले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला.

आजचे घर

आता आपण दगडमातीचे घर सोडून कॉलम-बीमच्या घरात राहू लागलो. त्यामुळे सांध्याचा प्रश्न सुटला, असा समज मात्र करून घेऊ नये. तो काँक्रीटच्या आत लपला आहे. काँक्रीटच्या सांध्यात पडद्यावर काय दिसते? एक करडा ठोकळा. चारी बाजूंनी आलेले बीम यंत्राने कॉलममध्ये इतके सफाईने मिसळून दिलेले असतात की मध्ये रेघही दिसत नाही. प्रत्यक्षात त्या ठोकळ्यात लोखंडाची दाटी असते. नऊ इंच रुंद कॉलमच्या उभ्या सळया, उत्तर-दक्षिण बीमच्या सळया, पूर्व-पश्चिम बीमच्या सळया, आणि ह्या सर्वांना वेढणाऱ्या रिंगा. कागदावर सळई म्हणजे रेघ. रेघेतून रेघ जाते, सळईतून सळई जात नाही. एका दिशेच्या सळया दुसरीच्या खालून न्याव्या लागतात, कॉलमच्या सळयांना वाट काढून द्यावी लागते. हे आधी काढून पाहिले नाही, तर काय होते? बारबेंडर आपल्या परीने मार्ग काढतो. जी सळई शिरत नाही ती आखूड होते. सांध्यातल्या रिंगा बांधण्यास अवघड, म्हणून त्याच गाळल्या जातात. दाटीतून काँक्रीट खाली उतरत नाही आणि मधाच्या पोळ्यासारखी भोके राहतात.

भूकंपात घराची हानी पुष्कळदा नेमकी येथून सुरू होते. धक्का दोन्हीकडून आलटून-पालटून येतो आणि सांध्यावर कात्रीसारखा तिरपा ताण पडतो. रिंगा असतील तर त्या आतल्या काँक्रीटला कवळून धरतात. त्यांची टोके नुसती काटकोनात वळविलेली असतील, तर बाहेरचे काँक्रीट उडताच रिंग उलगडते. म्हणून आपले मानक सांगते की टोक १३५ अंशांपर्यंत वळवून आत काँक्रीटच्या गाभ्यात घुसवावे. भूकंपात टिकाव धरणाऱ्या लोखंडाच्या मांडणीचे हे मानक किल्लारीच्याच वर्षी, १९९३ साली, निघाले. तरी २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात, केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत, काँक्रीटच्या बहुमजली इमारती पडल्या. पडण्याची कारणे अनेक होती. तळमजला वाहनांसाठी उघडा ठेवणे हे एक. लोखंडाच्या मांडणीतील उणिवा हे दुसरे. मानक पुस्तकात होते. सांध्यापर्यंत पोचले नव्हते.

ह्यात संगणकाला दोष देण्याचे कारण नाही. उलट, त्याच्याकडून काम करून घेणाऱ्याला तो मोठा साहाय्यक आहे. सळई सळईला कोठे आडवी येते हे तो काँक्रीट ओतण्याआधी दाखवू शकतो. कोणती तुळई कोणत्या तुळईत घुसली आहे ह्याची यादी करून देऊ शकतो. खाचेचे माप, बोल्टांची संख्या, अँगलची लांबी छापून देऊ शकतो. पूर्वी कुशल आरेखकाला ज्याला दिवस लागत ते तो क्षणात करतो. परंतु विचारल्याशिवाय तो बोलत नाही, आणि न विचारता जो सांधा तो स्वतः जोडून दाखवितो तो केवळ दिसण्याचा असतो. सुताराला कुसू काढल्यावाचून पुढे जाताच येत नव्हते. लाकूडच त्याला अडवीत असे. पडदा कोणालाच अडवीत नाही. म्हणून जे काम पूर्वी लाकूड करीत असे ते आता आपल्याला करावयाचे आहे.

आपण सारे काही अभियंते नाही. पण आपल्यापैकी पुष्कळजण आयुष्यात एकदा तरी घर बांधतात, दुकानावर मजला चढवितात, सोसायटीत सदनिका घेतात. आराखडा हाती आला की आपण खोल्या मोजतो, देवघर कोठे आणि जिना कोठे हे पाहतो. तेवढ्यावर न थांबता तीन प्रश्न विचारावेत. पहिला, ज्या ठिकाणी बीम आणि कॉलम मिळतात, त्या सांध्याचे वेगळे मोठे चित्र काढले आहे काय? दुसरा, हिशेबात हा सांधा जसा धरला, तसाच तो बांधला जाणार आहे काय, आणि वाटेत बदल झाला तर हिशेब पुन्हा कोण करणार? तिसरा, ज्याच्या हातून तो व्हावयाचा आहे, त्या गवंड्याला, बारबेंडरला किंवा वेल्डरला ते चित्र कोणी समजावून दिले आहे काय? आणि काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी स्वतः वर चढून सांध्यात रिंगा आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी पाहावे. त्याला पदवी लागत नाही.

हे प्रश्न विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. चांगल्या अभियंत्याला ते ऐकून आनंदच होतो, कारण आपल्या सर्वांत कष्टाच्या कामाविषयी त्याला सहसा कोणी विचारीत नाही. किल्लारीच्या घरांत दगड कमी नव्हता, लाकूड कमी नव्हते. एकाचा हात दुसऱ्याच्या हातात नव्हता. नव्या घरात तो आहे की नाही, हे पडद्यावरच्या मिळालेल्या रेघा पाहून ठरवू नये, एवढीच आपणास विनंती करून मी रजा घेतो.